उलटा घातलेला सेल

आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडं. तळमजल्यावर मी, माझ्यासमोर एक कायम कुलूप असलेलं घर, वर ईरप्पा बिराजदार आणि त्यांच्या शेजारी एक नोकरदार जोडपं, जे सहा दिवस कामावर असतं आणि रविवारी झोपतं. भवानी पेठेत इतकी शांत जागा मिळाली म्हणून लोक माझं कौतुक करतात. मी त्यांना म्हणते, या आठवडाभर राहायला, मग बोला.

मी शाळेत शिकवते. शाळा सकाळची. दुपारी घरी आले की जिन्याकडच्या खिडकीत बसून वह्या तपासायच्या, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्यामुळे इथे कोण येतं, कोण जातं हे मला न विचारता कळतं. चोंबडी म्हणा हवं तर. लोक आपल्याला काय म्हणतात याची काळजी मी शिक्षिका झाले त्याच वर्षी सोडून दिली.

ईरप्पामामा टेलिफोन खात्यात लाईनमन होते. उंच, काळेसावळे, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि बोलणं कायम खांबावरून खालच्या माणसाशी बोलल्यासारखं मोठ्यांदा. उभा जन्म दुसऱ्यांचे फोन जोडण्यात गेला, पण स्वतःला फोनवर बोलायचा मनस्वी कंटाळा. मुलगी पूनम पुण्यात असते. तिचा फोन आला की "बरं हाय. जेवलो. ठेव." एवढ्यात बापलेकीची खुशाली संपायची. ज्याला बोलायचं त्यानं समोर येऊन बसावं, असं त्यांचं मत होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. पाणी सुटलेल्या सेलनं बिघडवलेल्या वस्तू साफ करून द्यायच्या. टीव्हीचे रिमोट, भिंतीवरची घड्याळं, टॉर्च, रेडिओ, बीपीचं मशीन, काय वाटेल ते. आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं पाघळतात, तिथे सेलची काय कथा. त्यात आमच्या लोकांना एक खोड. वस्तू काही दिवस वापरायची नसली की सेल काढून ठेवायचा नाही, दोनपैकी एक उलटा घालून ठेवायचा. काढला तर हरवतो, मुलं खेळायला घेतात. उलटा घातला की जागच्या जागी राहतो आणि वस्तूही बंद. हिशेब बरोबर आहे, फक्त पुढे सगळे विसरतात. मग महिन्यांनी झाकण उघडावं तर आत पांढरं-हिरवं पीठ फुललेलं.

यावरून मामा सगळ्या गल्लीला झापायचे. "दारात चप्पल उलटी दिसली की सरळ करता, भांडण हुईल म्हणून. आन् सेल तेवडा उलटा चालतो व्हय तुमाला?" मलासुद्धा हे ऐकावं लागलंय. शाळेत मी शंभर मुलींना उभं करते आणि इथे हातात रिमोट धरून मुकाट ऐकत होते.

त्यांचं काम मात्र बघत बसावं असं. खिडकीपाशी जुना पेपर पसरायचा. सेल बोटानं नाही, लाकडी काडीनं उचकटून काढायचा. पीठ दातांच्या जुन्या ब्रशनं कोरडंच झाडायचं. कुणी फुंकर मारायला तोंड पुढे केलं की मामा ओरडायचे, कारण ते डोळ्यांत गेलं तर डोळ्यांची आग. मग पिठावर लिंबाचा एक थेंब. चरचरून फेस आला तर महागातला सेल, त्याला लिंबूच चालायचं. फेस आला नाही तर स्वस्तातला, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. नंतर उदबत्तीच्या जळून उरलेल्या काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि स्प्रिंगचा एकेक वेढा पुसून काढायचा. कुठे हट्टी डाग राहिला तर पॉलिश पेपर, तोही लाडानं, नाहीतर मुलामा जातो आणि पुढच्या खेपेला गंज लवकर धरतो. मग सावलीत वाळवायचं. हे वाळणंच महत्त्वाचं, कारण तेवढा वेळ ज्याची वस्तू तो थांबायचा, आणि थांबला की दाक्षायणीअक्का चहा टाकायच्या.

खरं सांगायचं तर लोक अक्कांसाठीच थांबायचे. त्या अक्कलकोटच्या. बोलताना मधूनच कानडीत शिरायच्या, समोरच्याला कळत नाहीये हे लक्षात आलं की हसायच्या आणि परत मराठीत यायच्या. कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कुणाच्या नळाला कालही पाणी आलं नाही, सगळं त्यांच्याकडे जमा व्हायचं. मामा मान खाली घालून स्प्रिंगा पुसायचे आणि माणसं अक्कांशी बोलायची. मामांना वाटायचं, माणसं आपल्याकडे येतात.

दारावरची बेलही अक्कांचीच हौस. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. बटण दाबलं की आत कोकिळा ओरडायची. ती कोकिळा गळ्यात काहीतरी अडकल्यासारखी ओरडायची आणि जिन्यात खालपर्यंत ऐकू यायची. अक्का लगबगीनं दार उघडायला जायच्या. मी तरी कधी ती बेल वाजवली नाही. मला कडी वाजवायची सवय.

गेल्या दिवाळीनंतर अक्का गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. पूनम आली, दिवस पार पडेपर्यंत राहिली, वडिलांना पुण्याला चला म्हणाली, ते नाही म्हणाले, ती डोळे पुसत गेली. मग जिना गप्प झाला.

मला माणसांचा राग येतो तो इथे. वस्तू बिघडायच्या थांबल्या नव्हत्या. पण माणसं वर जायची बंद झाली. माझ्या दारात यायची, हातात रिमोट, तोंडावर गडबड. "बाई, तुम्ही वर गेलात तर एवढं मामांना द्याल?" मी म्हणायची, जिना समोर आहे, पाय धडधाकट आहेत, जा की. तर म्हणे, त्यांच्यासमोर जाऊन काय बोलायचं सुचत नाही. यात सुचायचं काय असतं? आणि शेवटी तो रिमोट मीच वर नेऊन द्यायची आणि मीच खाली आणायची. मामा वस्तू साफ करून ठेवायचे, वाळत घालायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत वाळायची वाट बघायचे. उदबत्ती आता तेच लावत होते. देवासाठी की काडीसाठी, ते मी विचारलं नाही.

पण मामा ज्याची वाट बघत होते तो या रिमोटवाल्यांपैकी कुणी नव्हता. तो होता रामहरी.

रामहरी मूळचा मोहोळकडचा, मामांच्याच खात्यातला. दोघांची जोडी. मामा खांबावर, रामहरी खाली दोर धरून. एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात, असं कितीतरी वर्षं. निवृत्तीनंतर रामहरी जुळे सोलापूरला राहायला गेला, तरी दर सोमवारी स्कूटरवरून यायचा, सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन अक्कांचा चहा प्यायला. मामांसारखाच तोही फोन करून येणाऱ्यातला नव्हता. अक्का गेल्या तेव्हा तो मातीला आला, खांदा दिला, मामांच्या शेजारी भिंतीला टेकून बसला, आणि अशा घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं म्हणून न बोलता उठून गेला. तो गेलाच.

आता यात एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्यानं आपण होऊन कुणाच्या घरी जायचं नसतं. जवळच्या कुणीतरी यायचं, त्याला हाताला धरून आपल्या घरी न्यायचं, जेवू घालायचं. त्यानंतर तो मोकळा, मग त्यानं हवं तिथे जावं. हे करायला पूनम चालत नव्हती, मुलगी म्हणून. अक्कांचा भाऊ हयात नव्हता. मी म्हटलं, माझ्याकडे जेवा की एक दिवस. मामा म्हणाले, "तुमी शेजारी, बाई. तुमचं तर रोजचंच हाय. त्याला जिवाभावाचा माणूस यावा लागतो."

"मग रामहरींना फोन करा."

"मी? मला घिऊन जा म्हणून मीच सांगू?"

सांगू नये हे बरोबरच होतं, पण त्या बरोबर असण्यापायी हा माणूस महिनोन् महिने घराबाहेर कुणाच्या उंबऱ्याला पाय लावत नव्हता. भाजी आणायची, मंदिरात जायचं, परत यायचं. लग्नाच्या पत्रिका आल्या त्या तशाच पडल्या. सोमवारी दुपारी मात्र ते झोपायचे नाहीत. वर त्यांच्या खुर्चीचा आवाज मला यायचा. दाराकडे सरकवायची, परत मागे न्यायची. आणि मी खिडकीत बसून जिन्याकडे बघायची आणि त्या न येणाऱ्या रामहरीला मनातल्या मनात बाकावर उभं करायची.

चैत्र सरत आला, ऊन तापलं. एका दुपारी मामा स्वतः खाली आले. हातात भिंतीवरून उतरवलेली बेल, पेपरात धरलेली.

"बाई, लिंबू हाय का घरात?"

पूनमनं त्यांच्यासाठी काहीतरी पार्सल पाठवलं होतं. ते देणारा सकाळी, मी शाळेत असताना येऊन गेला, बेल दाबून दाबून कंटाळला आणि पार्सल घेऊन परत गेला. पूनमचा फोन आला, बाबा, घरात असून दार का उघडत नाही? मामा म्हणाले, कुणी आलंच नाही. मग बाहेर येऊन त्यांनी स्वतःच्या दाराची बेल स्वतः दाबून बघितली. कोकिळा मेलेली.

मी लिंबू घेऊन त्यांच्याबरोबर वर गेले. त्यांनी पेपर पसरला, बेल पालथी घातली, झाकण काढलं. आत पांढरं पीठ, स्प्रिंगवर हिरवा थर. आणि दोन सेलांपैकी एक उलटा.

गल्लीभर ओरडत फिरणारा हा माणूस. मला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून गेलं. ते त्या सेलकडे नुसते बघत बसले होते. मग त्यांनी पूनमला फोन लावला आणि तो स्पीकर लावून पेपरावरच ठेवला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बेलीतला सेल कुणी उलटा घातला गं?"

पूनम म्हणाली, "मीच घातला बाबा. लोक भेटायला येत होते आणि दर वेळी ती कोकिळा ओरडत होती. आई गेलेल्या घरात ते कसंतरी वाटायचं. जाताना सरळ करायचा राहिला. तुम्हाला सांगायचंही राहिलं."

मला आठवलं. त्या पहिल्या दोन दिवसांत दारात माणूस रडवेला उभा असायचा आणि आत पाखरू चेकाळल्यासारखं गात असायचं. लोक एकमेकांकडे बघायचे. नंतर तो आवाज बंद झाला हे माझ्या तरी ध्यानात आलं नव्हतं, कारण असल्या घरात शांतता असते ती बरोबरच वाटते.

"असू दे," मामा म्हणाले. मुलीला ते एक शब्द बोलले नाहीत. गल्लीतल्या कुणाची अशी सुटका झाली नसती.

त्यांनी काम सुरू केलं. सेल काडीनं काढले. एक सहज निघाला, उलटा होता तो चिकटून बसलेला, त्याला उचकटावं लागलं. ब्रश फिरवला. लिंबाचा थेंब टाकला आणि फेस आला. सगळं नेहमीसारखंच चाललं होतं, फक्त हात नेहमीपेक्षा सावकाश. अर्ध्यात त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला होता. अक्का गेल्यापासून तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

"म्हंजे बघा बाई," ते म्हणाले, "दिवाळीपास्नं बेल बंद हाय. हितं कोन कोन आलं आसंल, बटण दाबलं आसंल, आन् गेलं आसंल परत. मी आत बसून म्हणतोय, कुणी येत न्हाय, कुणी येत न्हाय."

मी चिरलेलं लिंबू बाजूला ठेवलं.

"रामहरी आला आसंल. सोमवारी. दारात हुबा ऱ्हायला आसंल. त्येला वाटलं आसंल, ईऱ्या दार उगडत न्हाय, त्येला कुणी नको हाय." त्यांनी कापसाची काडी खाली ठेवली. "तुमी बगितला का त्येला जिन्यात कदी?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण खोटं बोलू नका हे शिकवायचा मी पगार घेते. गेल्या दिवाळीपासून एकही सोमवार असा नव्हता की दुपारी मी खिडकीत नव्हते. रामहरी कधीही दुपारीच यायचा. या जिन्यावर त्याचं पाऊल पडलेलं नव्हतं. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आणि तो उजळलेला चेहरा माझ्या समोर होता.

"सकाळी मी शाळेत असते," मी म्हणाले. "तेव्हा कोण येऊन गेलं ते मला कसं कळणार?"

"व्हय की," ते लगेच म्हणाले. "सकाळी आला आसंल."

त्या दिवशी त्यांनी ती बेल जितकी साफ केली तितकी मी कुठलीही वस्तू साफ झालेली पाहिली नाही. स्प्रिंगा चकचकीत झाल्या, त्यावर नखाच्या टोकाएवढं व्हॅसलीन लावलं, नवे सेल घातले, दोन्ही सरळ, दोनदा तपासून. भिंतीवर अडकवली आणि बाहेर जाऊन बटण दाबलं. कोकिळा पूर्वीसारखीच घशात अडकून ओरडली. मामांनी परत दाबलं. आणखी एकदा दाबलं. आत मी एकटी उभी होते आणि दार उघडायला जावं की नाही ते मला कळेना.

आत येऊन ते म्हणाले, "आता मलाच जायला पायजे. माणूस दारातनं परत गेला म्हंजे चूक माझी झाली. मग कसली रीत आन् कसलं काय. तुमी चला संगट. येकट्यानं जाणं बरं दिसत न्हाय."

मी हो म्हणाले. नाही म्हणायची हिंमत त्या क्षणी कुणाला झाली असती ते मला बघायचंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही रिक्षानं निघालो. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. जुने दोन्ही सेल, पीठ लागलेले, एका कागदात नीट गुंडाळून त्यांनी वरच्या खिशात ठेवले. "त्येला दावतो," ते म्हणाले. "न्हायतर त्यो म्हणंल, कायतरी सांगतोय." रिक्षात ते सारखे बोलत होते. रामहरी कसा रुसतो, रुसला की कसं तोंड करतो, आणि खरी गोष्ट कळली की कसा मांडीवर थाप मारून हसेल. सात रस्त्याला सिग्नलपाशी थांबलो तरी त्यांचं बोलणं थांबलं नाही. मी हूं हूं करत होते. वाटत होतं, रामहरी आजारी असू दे, पाय मोडलेला असू दे, काहीही असू दे, पण न येण्याला काहीतरी कारण असू दे.

रामहरी अंगणात स्कूटर पुसत होता. चांगला हिंडता-फिरता, तब्येत आमच्या दोघांपेक्षा बरी.

फाटक वाजलं तसं त्यानं वर बघितलं. हातातलं फडकं तसंच राहिलं. मला त्याच्या तोंडावर आधी दिसली ती लाज. ती खरी होती, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. दारात त्याची बायको तानाबाई येऊन उभी राहिली होती. तिनं मामांना बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात किती महिन्यांची बोलणी होती ते बाईमाणसाला लगेच कळतं.

मामांचा हात खिशाकडे गेला. "रामहरी, आरं, झालं काय म्हाईत हाय का..." त्यांनी सुरुवात केली.

पण रामहरीनं त्यांना बोलूच दिलं नाही. तो घाईघाईनं पुढे आला.

"ये, ये की ईऱ्या. आरं, मी आलो हुतो. दोन-तीन येळा आलो की तुज्याकडं. बेल वाजीवली. ती वैनींची कोकिळा आत नुसती वरडतीया, वरडतीया, भाईर मी ऐकतोय. पर तू काय दार उगडलं न्हाईस. म्हटलं, झोपला आसंल, कशाला उटवायचं."

मी मामांकडे बघितलं नाही. मला बघवलं नाही. फाटकाच्या कडीकडे बघत राहिले. तानाबाईंना बेलीचं काही ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली.

मग मामांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा नाही, पण नीट.

"व्हय," ते म्हणाले. "झोपलो आसंन. हल्ली दुपारची लई झोप लागती बघ."

त्यांचा हात खिशावरून खाली आला.

रामहरीनं सुटकेचा श्वास टाकला आणि एकदम बडबडा झाला. आत नेलं, पंख्याखाली बसवलं, पाणी आणलं. तानाबाई म्हणाल्या, "भावजी, जेवल्याबिगर जायाचं न्हाय. बाई, तुमीबी." आणि लगेच भाकरी थापायला बसल्या. थापटण्याचा आवाज एवढा जोरात येत होता की त्या कुणाला मारतायत असं वाटावं. रामहरी खांबांच्या गोष्टी सांगत सुटला. कुठल्या पावसाळ्यात कुठली लाईन पडली, कुठल्या साहेबाचा फोन यांनी मुद्दाम उशिरा जोडला. मामा जिथे हसायचं तिथे हसत होते. अक्कांचं नाव दोघांपैकी एकानंही काढलं नाही.

पानं वाढली. भाकरी, भरलं वांगं, शेंगांची चटणी. पहिली भाकरी रामहरीनं स्वतःच्या हातानं मामांच्या ताटात घातली, वर तुपाची धार धरली, आणि हात तसाच ताटावर धरून क्षणभर बसून राहिला. रीत पुरी झाली. मामा जेवले. पोटभर जेवले, मागून घेऊन जेवले. मी मात्र भाकरीचे नुसते तुकडे करत होते. मला त्या रामहरीचा इतका संताप आला होता, आणि तो समोर बसून मित्राच्या ताटात वांगं वाढत होता, त्याचे डोळे ओले होते, म्हणून आणखीच संताप आला होता. माणूस एक तर वाईट असावा नाहीतर चांगला असावा. हे असं दोन्ही असलं की आपण कुठे ओरडायचं?

निघताना रामहरी फाटकापर्यंत आला. "सोमवारी येतो," म्हणाला. मामा म्हणाले, "ये की. जागा ऱ्हातो."

जाताना मामा केवढं बोलत होते, आणि आता परतीच्या रिक्षात बाहेर बघत बसले होते. आसरा चौक मागे गेला. मी बराच वेळ जीभ आवरली. माझ्या स्वभावाला ते जड गेलं, आणि शेवटी जमलं नाहीच.

"मामा, बेल बंद होती."

"ठावं हाय की, बाई. साफ मीच केली न्हवं?"

"मग तो कोकिळा ओरडत होती म्हणाला तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? सेल खिशात होते. काढून त्याच्या हातावर ठेवायचे होते."

मामांनी माझ्याकडे वळून बघितलं. रागावले नव्हते. वर्गात एखाद्या मुलीला सोपं गणित येत नाही तेव्हा मी बघते, तसं बघत होते.

"ठिवले आसते," ते म्हणाले, "तर त्यानं मान खाली घातली आसती, आन् पुन्यांदा मला तोंड दावलं नसतं. दाक्षायणी हुती तवर माज्या दारात धा माणसं हुती. आता ह्यो येकलाच उरलाय, बाई. ह्येला खोटा पाडून मी कुणाच्या दारात जाऊ?"